एक इंच कमी

चिंच भिजत घातली की मला समुद्र आठवतो. चिंचेचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण आश्विनातल्या या तापलेल्या दिवसांत, खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, मी दरवर्षी वाटीत चिंच कोळते, कपाटावरचा पितळी पंखा खाली काढते आणि त्याची तिन्ही पाती घासायला बसते. हिरवट डाग निघतात, पितळ पिवळंधमक होतं, बोटांना आंबटसर वास लागतो. आणि दादरच्या या घरात, जिथल्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नाही, चौपाटीचं पाणी हलायला लागतं.

निहार, ईशा, तुम्ही दोघांनी हा पंखा फोनवर पाहिला आहे. ईशा लहान होती तेव्हा तिला ते फूल वाटलं होतं. फूल नाही ते. मोटरबोटीच्या इंजिनाला मागे, पाण्याखाली बसवायचा पंखा आहे. तो फिरतो आणि बोट पुढे जाते. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पूजतात. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री. माझ्याकडे पूजेला हा एवढाच आहे.

यंदा चिंच भिजत होती आणि निहारचा फोन आला. तुमच्या तिकडच्या तळ्यात हा आता छोट्या मोटरबोटींच्या शर्यतीत उतरतो म्हणे. पाण्यात दोन तरंगते बोये, त्यांच्याभोवती लांबट गोल फेऱ्या. "आजी, सरळ पट्ट्यात मला कोणी गाठत नाही," तो म्हणाला, "पण वळणातून बाहेर आलो की सगळे निघून जातात. बाबा म्हणतो, शर्यतीच सोड. अभ्यास बुडतो." मी विचारलं, "पंख्याची पिच किती आहे?"  मग तो म्हणाला, "आजी, तुला हे कसं माहीत?"

ते सांगायला बसले आहे. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. कपाटातले टॉवेलसुद्धा माझे आकारानुसार असतात. पण ही आठवण काही घडी घालून ठेवलेली नाही. जशी येईल तशी लिहिते.

सन छप्पन्नचा आश्विन. आम्ही गिरगावात फणसवाडीत राहत होतो. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, घर बघायची. मी इंटर सायन्सला होते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा दादा त्याच परीक्षेत नापास होऊन घरी बसला होता. म्हणजे घरी तो कधीच बसत नव्हता. एकतर मोर्चात असायचा, नाहीतर बोटीत.

ते दिवस कसे होते हे तुम्हाला पुस्तकातून कळेल, पण त्यांचा आवाज पुस्तकात नसतो. वर्षाच्या सुरुवातीला गोळीबार झालेले, संचारबंदी लागलेली. नंतर मुंबई महाराष्ट्राला देणार, नाही देणार, मग सगळ्यांचं मिळून द्वैभाषिक राज्य करणार. नाक्यानाक्यावर सभा. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की कुठून तरी घोषणा ऐकू यायच्या, आणि त्या जवळ येतायत की लांब जातायत हे कान आपोआप मोजायचे. हरताळाच्या दिवशी ट्राम बंद, दुकानं बंद, आणि मग अचानक सगळं पुन्हा सुरू. शहर थांबायचं, वळायचं, पुन्हा वेग घ्यायचं. वर्षभर हेच चाललं होतं. थांबणं आम्हाला सवयीचं झालं होतं. पुन्हा सुरू होताना मात्र दर वेळी वेगळं बळ लागायचं.

दादाने आणि त्याच्या एका मित्राने वाडीच्या चौकात प्लायवुडची बोट बांधली होती. आत्या तिला "ती फळी" म्हणायची. इंजिन अण्णांच्या ऑफिसातले एक साहेब देश सोडून जाताना देऊन गेले होते. बोट हातगाडीवर घालून चौपाटीला न्यायची. पहिल्यांदा नेली त्या दिवशी ठाकुरद्वारपाशी मोर्चा आडवा आला. गाडी मागे घेता येईना, मग मोर्च्याबरोबरच चालायला लागली. लोकांना वाटलं हा देखावा आहे. कोणीतरी बोटीत फलक खोचला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." दादा बोटीचा काठ धरून घोषणा देत होता. अण्णा सरकारी नोकर. ते फुटपाथवर चढले आणि आपला या बोटीशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने, पण अगदी बोटीच्या बरोबरीने, चौपाटीपर्यंत चालत आले. मला आजही अण्णा म्हटलं की तेच दिसतात. फुटपाथवरून, अंतर राखून, पण बरोबरीने.

दादाने ठरवलं होतं की परीक्षेला पुन्हा बसायचं नाही, इंजिनांच्या कामात पडायचं. अण्णांनी त्याच्यासाठी एका बँकेत शब्द टाकून ठेवला होता. खूप दिवस धुसफुस चालली. शेवटी अण्णांनी अट घातली. "कार्तिकातली शर्यत आहे ना तुमच्या त्या क्लबाची? पहिल्या तिघांत ये. आलास तर इंजिनं कर. नाही आलास तर दुसऱ्या दिवशी बँकेत रुजू व्हायचं. पुन्हा विषय नाही."

आणि अट घातल्यावर स्वतःच बोटीच्या तयारीला लागले. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"बाजूचा काय प्रश्न आहे?" ते म्हणाले. "परीक्षा घ्यायची तर पेन्सिल टोक काढून द्यावी लागते."

आता पिच. निहारला माहीत आहे, ईशासाठी सांगते. स्क्रू लाकडात फिरवला की एका फेऱ्यात तो थोडा आत जातो. पंख्याचंही तसंच. पात्यांचा पीळ जितका जास्त, तितकी एका फेऱ्यात बोट पुढे जाणार. ती लांबी म्हणजे पिच, आणि ती इंचांत मोजतात. दादा सांगायचा, "पिच म्हणजे पंखा पाण्याचा केवढा घास घेतो ते." मोठा घास घेणारा पंखा एकदा वेगात आला की सुसाट. पण थांबलेल्या किंवा मंदावलेल्या बोटीला तो घास चावता चावत नाही. इंजिन दमतं, कण्हतं, हळूहळू उचलतं. लहान घासाचा पंखा चटकन उचलतो, पण पुढे एका मर्यादेपलीकडे जात नाही.

अण्णांचा कल मोठ्या घासाकडे होता. परळला कांबळे म्हणून एक फिटर होते, गिरणीतली पाळी सांभाळून स्वतःची शेड चालवायचे. त्यांच्याकडून अण्णांनी तिन्ही पात्यांच्या मागच्या कडा ठोकून किंचित वळवून आणल्या. कड वळली की पिच वाढते. मग घड्याळ घेऊन मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभे राहिले. दादाने लांबून पूर्ण वेगात यायचं, एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. अण्णांनी वेळ घेतली. आधीपेक्षा चांगली. दुसऱ्या दिवशी घेतली, तीही चांगली. अण्णांचा चेहरा उजळला. ते स्वतः असेच होते. अठराव्या वर्षी एका खुर्चीत बसले, एका वेगाने, एका दिशेने, पेन्शनच्या दिशेने. सरळ पट्टा हाच त्यांना प्रवास वाटायचा.

नवरात्र बसायच्या आधी क्लबाने एक सरावाची शर्यत ठेवली. दोन लाल पिंपं नांगरून ठेवलेली, त्यांच्याभोवती फेऱ्या. सहा-सात बोटी होत्या. सरळ पट्ट्याच्या शेवटी दादा प्रत्येकाला गाठत यायचा आणि तेवढ्यात पिंप यायचं. वळताना सगळ्यांनाच वेग टाकावा लागतो. बाकीच्या बोटी वळणातून उसळी घेऊन बाहेर पडायच्या, विशेषतः वांद्र्याच्या एका मुलाची हिरवी बोट. आणि आमची फळी नाक वर करून, पाणी ढकलत, म्हैस डबक्यातून उठते तशी उठायची. वेगात येईयेईपर्यंत पुढचं पिंप. दादा शेवटून दुसरा आला.

त्या दिवशी आत्याने पानं वाढली. मग दादा म्हणाला, "कडा सरळ करून आणा अण्णा. पिच फार झालीय."

"घड्याळ तसं म्हणत नाही," अण्णा म्हणाले.

"घड्याळाला वळायचं नसतं."

"मोजमापावर बोल. वाटण्यावर नको."

आत्या मध्ये पडली. "जेवताना यंत्रं नकोत रे. मधू, भात घे," ती दादाला म्हणाली.

दादाने ताट सरकवलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला मी हरायलाच हवा आहे ना? म्हणून घालताय हा पंखा."

अण्णांनी आमटीतला हात थांबवला. मग जेवण पूर्ण केलं, पान स्वच्छ केलं आणि उठले.  पुढचे सगळे दिवस घरात तो प्रश्न पसरून राहिला. आत्या त्याला वळसा घालून चालायची, मी वळसा घालून चालायचे.

एक कबूल करायला हवं, मलाही शंका आली होती. बँक अण्णांना हवी होती. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचायचं तर सरकारी नकाशाच वाचावा लागे.

खंडेनवमी आली. आदल्या दुपारी आत्याने घरातलं सगळं पितळ-तांबं चिंचेला काढलं. समया, तांब्ये, घंगाळ, आणि दादाने पूजेसाठी काढून आणलेला पंखा. आत्याची शिस्त मोठी होती. तिच्या हातून भांडं गेलं की ते नव्यासारखं परत यायचं. पोचा आला असेल तर ती फडकं गुंडाळून वरवंट्याने ठोकून बसवायची. घंगाळाचा पोचा तिने असाच काढला. दुसऱ्या दिवशी पाटावर झेंडूच्या फुलांत पंखा असा चमकत होता की शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या. पातं न् पातं सरळ.

दसऱ्याच्या सकाळी बोट पाण्यात गेली. अण्णा कठड्यावर घड्याळ घेऊन. दादा या खांबापासून त्या खांबापर्यंत आला. अण्णांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. पुन्हा यायला सांगितलं. वेळ वाढली होती. चांगलीच वाढली होती. दादा मात्र पिंपाला एक फेरी मारून काठाला आला तो पाण्याने निथळत, दात दाखवत. "काय केलंत तुम्ही? वळणातून उडतेय बोट."

अण्णांनी इंजिन वर घेऊन पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि सरळ घराकडे चालू लागले. मी मागोमाग.

"अक्का," ते दारातूनच म्हणाले, "पंख्याला हात कुणी लावला?"

"मी घासला की."

"कडा वळलेल्या होत्या त्याच्या."

"हो. तिन्ही चेपल्या होत्या. बसवल्या नीट." आत्या श्रीखंड घोटत होती, तिने मान वर केली नाही. "पूजेला पोचे आलेली वस्तू ठेवतात का कुणी?"

अण्णा पाटावर बसले. सोळा मैलांवरून आल्यासारखे बसले. "अक्का, ते पोचे मी घालून आणले होते."

"तुला बरा वेळ असतो," आत्या म्हणाली.

त्यांनी पुन्हा चौपाटीवर जाऊन बोटीचा पंखा काढला, फडक्यात गुंडाळला आणि तसेच परळला गेले, कडा पुन्हा वळवून आणायला. पण शेड बंद होती. कांबळे घरच्यांना घेऊन नागपूरला गेले होते, धम्मदीक्षेला. त्यांच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गेली होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, चार दिवसांनी येतील. अण्णा पंखा घेऊन परत आले. त्या चार दिवसांच्या उसंतीत आमचं सगळं ठरलं. आजही मला वाटतं, कांबळे घरी असते तर दादा बँकेत गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायला बसले होते. मोकळी फरशी समोर होती, डोक्यात पिंपं होती. मी दोन टिंबं दिली आणि त्यांच्याभोवती लांबट गोल काढला. मग मनात एक-दोन-तीन म्हणत बोटीचे ठिपके द्यायला लागले. दर सेकंदाला एक ठिपका. बोट हळू असेल तर ठिपके जवळजवळ, वेगात असेल तर लांबलांब. मोठ्या पिचची बोट वळणातून निघाली: ठिपके गच्च, गच्च, मग जरा मोकळे, मग एकदम लांब, आणि लांब होताहोताच पुढचं वळण. लहान पिचची पांढऱ्याऐवजी गुलाबी रांगोळीने काढली. ती लगेच मोकळी झाली, मग एकसारखी चालली. गुलाबी ठिपके पिंपाशी पोचले तेव्हा पांढरे अजून मागे होते.

अण्णा दुधाचं भांडं घेऊन येत होते. त्यांना ओलांडता येईना. "हे काय?"

मी सांगितलं. ते उकिडवे बसले. बराच वेळ ठिपके पाहत राहिले, आणि मग ड्राफ्ट्समनच बोलला: "ठिपके तुझ्या मनाचे आहेत."

"पण तुम्ही फक्त इथलं मोजता, अण्णा." मी पांढऱ्या रेघेच्या शेवटच्या लांब ठिपक्यांवर बोट ठेवलं. "जिथे तो आधीच वेगात असतो. वळणापाशी तुम्ही उभेच राहत नाही."

आत्या आतून ओरडली, "दूध नासेल."

त्या संध्याकाळी अण्णा दिव्याच्या खांबापाशी थांबले नाहीत. कठड्याच्या कडेने चालत दूरच्या पिंपासमोर जाऊन उभे राहिले. मी शेजारी. ऊन उतरलं होतं, पाण्यावर तेलासारखी चमक, वाळकेश्वरच्या बाजूने मंदिराच्या घंटा. हिरवी बोट सरावाला आली होती. ती आणि दादा एकदमच वळणात शिरले. अण्णांनी घड्याळ खिशातून काढलंच नाही. दोन्ही बोटींनी नाक वळवलं, दोन्ही मंदावल्या, पांढरं पाणी उडालं, आणि दोन्ही बरोबरीने बाहेर पडल्या. पंधरवड्यापूर्वी याच जागी हिरवी दोन बोटींएवढी पुढे गेली होती.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं वाईट वाटलं असेल. पण ते ऐकत होते. दादा जवळून गेला, लांब गेला, पुढच्या पिंपापर्यंत गेला, तोवर ते डोळे मिटून उभे. मग म्हणाले, "आवाज ऐकलास? पिंप येईपर्यंत चढतोच आहे. पूर्ण वर गेलाच नाही. इंजिनात अजून दम शिल्लक आहे, पंखा तो बाहेर येऊ देत नाही."

 पाणी काळं होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

कांबळे आल्याचं कळलं तेव्हा अण्णा मला बरोबर घेऊन गेले. शेडच्या दारात कांबळे उभे होते, पांढरा स्वच्छ सदरा. अण्णांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?" कांबळे म्हणाले, "काय सांगू साहेब. गेलो एक आणि आलो एक." मग हसले. "सामान तेच आहे, बरं का. हातोडी बदललेली नाही. कडा वळवायच्यात ना पुन्हा? पिच वाढवायची?"

अण्णांनी फडकं सोडून पंखा ऐरणीवर ठेवला. "नाही. कमी करा. आणखी एक इंच."

कांबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "पट्ट्यात मागे पडंल हो पोरगा."

"पडू दे. वळणात सुटेल."

हातोडीचे घाव हळू, मोजून पडत होते. प्रत्येक पात्यानंतर कांबळे पंखा लाकडी साच्यावर ठेवून बघत. मी ऐरणीकडे बघत होते आणि मला एकदम कळलं की अण्णा काय करत आहेत. हा पंखा बसला तर दादा जिंकण्याची शक्यता होती. तो जिंकला की बँक गेली. आणि हे सांगायला त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं.

येताना लालबागला ट्राम बंद झाल्या होत्या. पुढे काहीतरी गडबड होती, द्वैभाषिक सुरू व्हायचे दिवस जवळ आले होते. आम्ही चालत निघालो. भायखळ्याच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. हवालदाराने पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं.

"काय हाय यात?"

"पंखा," अण्णा म्हणाले.

हवालदाराने फडकं उघडलं. तीन धारदार पितळी पाती. "ह्यो पंखा? वारा कुठनं येतो ह्याला?"

"पाण्यातला आहे. बोटीचा. पोराची शर्यत आहे."

हवालदार बघत राहिला. मग दुसऱ्याला म्हणाला, "सगळी मुंबई पेटलीय आन् हे शर्यती लावतायत. जावा. कडेकडेनं जावा."

कडेकडेने चालायची अण्णांना सवय होतीच. जे.जे.च्या पुढे आल्यावर मी धीर करून विचारलं. "अण्णा, तो जिंकला तर?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्या दिवशी जेवताना त्याने मला विचारलं होतं. त्याला हरायला लावतोय का म्हणून. त्याला तोंडाने काय उत्तर द्यायचं?" आणि मग, "पट्टा सुटलाय का बघ तुझ्या चपलेचा. नीट चाल."

शर्यत दिवाळी होऊन गेल्यावर झाली. चौपाटीवर माणसं, कठड्यावर माणसं, भेळवाले, आणि आत्यासुद्धा, डोक्यावरून पदर घेऊन, "ती फळी कुठली?" विचारत. निकालाची दोरी चौपाटीसमोर होती. सगळे तिथे दाटीने उभे. अण्णा नव्हते. ते दूरच्या पिंपासमोर गेले होते, एकटे. मी पळत त्यांच्यापाशी गेले.

त्या फेऱ्यांचं वर्णन मला करता येणार नाही. आवाज आठवतो. पट्ट्यात हिरवी बोट दर वेळी अंतर तोडायची, आणि आमच्या इंजिनाचा आवाज वर, वर, अगदी किंकाळीपर्यंत जायचा. पिंप आता येतं की इंजिन फुटतं असं व्हायचं. तेवढ्यात पिंप यायचं, आवाज पडायचा, दोन्ही बोटी मंदावायच्या, आणि वळणातून आधी कोण? दादा. दर वेळी दादा. लहान लहान घास, भराभर. अण्णांचा हात कठड्यावर होता आणि दर वळणाला दगडावर त्यांची बोटं आवळायची.

शेवटचं वळण आमच्या समोरचं. दादा सगळ्यांच्या पुढे निघाला. त्याने मान वळवून कठड्याकडे पाहिलं. तिथे त्याला अण्णा दिसले. चौपाटीकडे तोंड करून बोट गेली. हिरवी तिच्या मागे, अंतर तोडत. मग इतर बोटी मध्ये आल्या, पाणी उडालं, काही दिसेना. लांबून आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही चालत चौपाटीकडे निघालो. अण्णा वाटेत माणसांना थांबवून विचारत होते, "कोण आला हो?" एक म्हणाला हिरवी. दुसरा म्हणाला, गिरगावातला तो मुलगा. गर्दीत आत्या सापडली. "दुसरा आला," ती म्हणाली. "शेवटी त्या हिरव्याने गाठलंच मेल्याने. अरे, पण तू होतास कुठे? शेवट बघितलास की नाही?"

"शेवट नाही दिसला," अण्णा म्हणाले. "तो वळणातून निघाला तेवढं पाहिलं."

दादा वाळूतून येत होता, गुडघ्यापर्यंत ओला. येऊन अण्णांच्या समोर उभा राहिला.  मग दादा म्हणाला, "पट्ट्यात कमी पडलो अण्णा. पिच एक इंचाने वाढवली असती तर पहिला आलो असतो."

"असेल," अण्णा म्हणाले. "अर्धा इंच. पुढच्या वेळी बघू." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या बँकेतल्या साहेबांना कळवायला हवं. दुसऱ्या कुणाला तरी ती जागा मिळेल."

पुढे जन्मभर दादा इंजिनं करत राहिला. वरळीच्या कोळीवाड्यात शिडाच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली तेव्हा कितीतरी होड्यांचे पंखे त्याने ठरवले. राज्य झालं त्या मे महिन्यात गिरगावभर दिवे लागले होते आणि तो रात्री उशिरा आला, हातापायाला ग्रीस, म्हणाला, एका होडीचं इंजिन आजच सुरू करायचं होतं. अण्णा जागे होते. "पिच काय ठेवलीस?" एवढंच विचारलं त्यांनी. आता दोघेही नाहीत. पंखा माझ्याकडे आहे, कारण खंडेनवमीला घासायचं काम आत्यानंतर माझ्याकडे आलं. कडांना मी हात लावत नाही.

निहार, आता तुझं उत्तर. तुझा पट्टा आखूड आहे, म्हणून मोठी पिच तुझ्या कामाची नाही. जी आहे ती कमी कर, एकदम नको, एक इंच. मग इंजिनाचा आवाज ऐक. पिंप, म्हणजे तुझा बोया, येईपर्यंत आवाज चढतच राहिला आणि टोकाला पोचलाच नाही, तर अजून थोडी कमी कर. पण पट्ट्याच्या निम्म्यातच किंकाळायला लागला तर फार कमी झाली. इंजिन जाईल आणि हिरव्या बोटी तुला गाठतील. एखादी गाठेलच. तेवढं सोसायचं.

आणि बाबाला म्हणावं, आजीने सांगितलंय, पुढच्या शर्यतीला ये. निकालाच्या दोरीपाशी जागा धरू नकोस. तिथे गर्दी असते आणि तिथून पोरगा फक्त येताना दिसतो. वळणापाशी उभा राहा.